किमान वेतन की निर्वाह वेतन? : मजूरमंत्री बाबासाहेबांचे स्मरण

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण आपण राज्यघटनेचे शिल्पकार आणि धम्मक्रांतीचे प्रवर्तक म्हणून करतो. ते उचितच आहे. परंतु या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या जीवनातील एक दुर्लक्षित धागा विद्यार्थी व पालक यांच्यासमोर ठेवावा, असे आम्हांस वाटले. तो धागा मजुरीचा आहे. आमच्या वसतिगृहातील अनेक मुलांचे आईवडील कापूस वेचतात, सोयाबीन सोंगतात, वीटभट्टीवर राबतात. त्यांच्या हाती पडणारी मजुरी उद्या पुन्हा कामावर येण्यापुरती असावी, की माणूस म्हणून जगण्यापुरती, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नाही.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सैन्यातून निवृत्त झाल्यावर सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलावाचे खोदकाम काढले होते. १९०१ साली वडिलांना भेटावयास निघालेल्या बालभीमाला वाटेत पाण्याच्या घोटासाठी सोसावा लागलेला अपमान सर्वांना ठाऊक आहे. त्या प्रवासाच्या शेवटी दुष्काळी मजुरांची कामे होती, हे मात्र क्वचितच आठवले जाते. पुढे परळच्या चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारात त्यांनी अनेक वर्षे काढली. कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्राचे अध्ययन करताना ही माणसे त्यांच्या नजरेआड झाली नाहीत. रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ च्या ग्रंथातही, चलनाचे मूल्य घसरले की किमती आधी वाढतात, मजुरी मागे राहते आणि मजुराचा तोटा मालकाचा नफा होतो, हे त्यांनी दाखवून दिले.

आपल्या समाजाचे दुखणे तर त्याहून खोल होते. महार वतनात कामाला तास नव्हते, कामाची यादी नव्हती आणि ठरलेले वेतनही नव्हते. तुटपुंजी इनाम जमीन आणि दारोदार मागून आणावयाचे बलुते, एवढ्यावर संपूर्ण कुटुंब सरकारचे व गावाचे चाकर होते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी मांडले. धान्याच्या बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा, हा त्यातील एक प्रमुख हेतू होता. त्याच वर्षीच्या गिरणी संपात त्यांनी आणखी एक गोष्ट चव्हाट्यावर आणली. अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. तुटलेला धागा जोडताना तोंडात धरावा लागे आणि तेवढ्याने इतरांना विटाळ होई. मजुरीचा दर बाजार ठरवतो असे म्हणणाऱ्यांना हे पुरेसे उत्तर होते. या देशात तो दर जातही ठरवीत होती.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांपुढे ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे स्पष्टपणे मांडले.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. तो महायुद्धाचा आणि महागाईचा काळ होता. सरकार, मालक आणि कामगार यांना एका मेजाभोवती बसविणाऱ्या त्रिपक्षीय परिषदांना त्यांनी स्थैर्य दिले. कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी १९४४ साली रेगे समिती नेमली गेली. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली. आणि ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी केंद्रीय विधिमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. संघटित कामगार संप करू शकतो. पण विडी वळणारी बाई, गिट्टी फोडणारा मजूर आणि शेतमजूर कोणाच्या बळावर भाव करणार? त्यांच्या बाजूने कायद्याने उभे राहावे, हा या विधेयकाचा आशय होता. जून १९४६ मध्ये बाबासाहेब त्या पदावरून दूर झाले. कायदा १९४८ साली संमत झाला आणि शेतीलाही त्याच्या अनुसूचीत स्थान मिळाले.

येथे इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. किमान म्हणजे किती, याची व्याख्या त्या कायद्यात नव्हती. दर सरकारने ठरवावेत आणि पाच वर्षांच्या आत त्यांचा फेरविचार करावा, एवढेच त्यात होते. मग किमान वेतन हेच निर्वाह वेतन होते काय? आमच्या मते, नाही. किमान वेतन ही खालची पायरी होती. शिखर राज्यघटनेत आहे. अनुच्छेद ४३ सर्व कामगारांना, शेतमजुरांनासुद्धा, निर्वाह वेतन आणि समुचित जीवनमान मिळवून देण्याचे राज्यास सांगतो. ही मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयातून वसूल करता येत नाहीत, हे बाबासाहेब जाणून होते. तरीही ती पोकळ नाहीत, सत्ताधाऱ्यांना मतदारांपुढे त्यांचा जाब द्यावा लागेल, असे त्यांनी संविधान सभेत बजावले होते.

आमच्या वर्ध्यालाही या प्रश्नाचा इतिहास आहे. १९३५ साली येथेच अखिल भारतीय चरखा संघाने सूत कातणाऱ्यांची मजुरी निर्वाहाच्या पातळीकडे नेण्याचा ठराव केला. त्या सद्भावनेचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु संस्थेने दिलेले संस्था काढूनही घेऊ शकते. बाबासाहेबांचा आग्रह मजुरी हा हक्क व्हावा, असा होता.

त्यांच्या पश्चात हा हक्क हळूहळू आकार घेत गेला. किमान वेतनात शिक्षण व औषधोपचार यांचीही तरतूद हवी, असे न्याय्य वेतन समितीने त्यांच्या हयातीतच, १९४९ साली, म्हटले होते. १९५७ च्या श्रम परिषदेने अन्न, वस्त्र, निवारा व इंधन यांचे मोजमाप ठरविले. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरी देणे ही अनुच्छेद २३ ने निषिद्ध केलेली वेठ होय, असा निर्णय दिला. आणि १९८३ साली दुष्काळी कामांवरील मजुरांनाही किमान वेतन दिलेच पाहिजे, असे ठरले. गोरेगावच्या तलावापासून येथवर यावयास ८२ वर्षे लागली! पुढे १९९१ साली मुलांचे शिक्षण, औषधोपचार इत्यादींसाठी आणखी २५ टक्के धरावेत, असे त्याच न्यायालयाने सांगितले.

दिवाळीनंतर कापूस फुटला की गावोगावच्या शाळांतील मागचे बाक रिकामे होतात, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. आईच्या एकटीच्या वेच्यावर घर चालत नाही, म्हणून मूल ओटी बांधून शेतात जाते. किमान वेतन खरोखर निर्वाह वेतन झाले आहे की नाही, हे पाहण्यासाठी आम्हांस मोठा अहवाल नको. हजेरीपट पुरेसा आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी शेजारच्या नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या लाखो अनुयायांना दिली. अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविका म्हणजे कोणावर अन्याय न करता, कोणास इजा न पोचविता मिळविलेली उपजीविका. हा उपदेश राबणाऱ्याला आहे, तसाच राबवून घेणाऱ्यालाही आहे. येथून शिकून बाहेर पडणारी आमची मुले उद्या कंत्राटदार होतील, अधिकारी होतील, कोणाच्या तरी मजुरीच्या कागदावर सही करतील. त्या वेळी केवळ दरपत्रकातील आकडा न पाहता, एवढ्या पैशांत या मजुराचे मूल शाळेत जाऊ शकेल काय, एवढा एक प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा. महामानवास तेच खरे अभिवादन ठरेल.

जय भीम!