डॉ. सुभाष मुखोपाध्याय आणि त्रेपन्न दिवसांचा गर्भ

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका डॉक्टरचे चरित्र लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण व्हाउचर नसेल तर नोंद खरी धरू नये, हे आम्हांला सुरुवातीलाच शिकवतात. डॉ. मुखोपाध्यायांपाशी नोंदी होत्या. त्या नीट तपासणारा माणूस मात्र त्यांच्या हयातीत भेटला नाही.

त्यांचा जन्म १६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबाग येथे झाला. वैद्यकीय पदवी कलकत्त्यास घेतली. प्रजननशास्त्रातील एक डॉक्टरेट कलकत्ता विद्यापीठाची आणि दुसरी, १९६७ सालची, एडिंबरोची. पुढे ते बंगालमधील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवीत राहिले.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जगातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. त्यानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कलकत्त्यात एक मुलगी जन्मली. तिला जग 'दुर्गा' म्हणून ओळखू लागले. इंग्लंडमधील डॉक्टरांनी निसर्गक्रमाने पक्व झालेले एकच बीज पोटात दुर्बीण घालून काढले होते. मुखोपाध्यायांनी आधी इंजेक्शने देऊन अधिक बीजे पक्व केली आणि ती योनिमार्गाने काढली. पण अशी इंजेक्शने दिली की त्या महिन्यात गर्भाशयाचे अस्तर गर्भ धरण्यास अनुकूल राहीलच असे नसते. म्हणून त्यांनी आठ पेशींचा गर्भ गोठवला, त्रेपन्न दिवस जपून ठेवला आणि पुढच्या एका नैसर्गिक पाळीत आईच्या उदरात सोडला. शीतशास्त्राचे जाणकार सुनीत मुखर्जी व स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य हे त्यांचे सहकारी होते. परदेशात गोठवलेल्या गर्भापासून पहिले मूल जन्मले ते १९८४ साली, ऑस्ट्रेलियात.

त्या काळी गर्भ जगेल की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवावे लागे : पेशी किती झाल्या, त्या सारख्या आहेत का, मध्ये तुकडे पडले आहेत का. आज गर्भ ठेवण्याच्या उबदार पेटीतच कॅमेरा असतो. तो दर काही मिनिटांनी छायाचित्र घेतो, आणि कोणती पेशी कधी दुभंगली ते पाहून गर्भ निवडतात. आमच्या बालाघाटाकडची जोडपी नागपूरला जातात, त्यांनाही या कॅमेऱ्याचे नाव ऐकू येते. मात्र ब्रिटन व हाँगकाँग येथे दीड हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅमेऱ्यामुळे अधिक मुले जन्मली असे दिसले नाही. कॅमेरा पाहतो पुष्कळ. पण गर्भाशय केव्हा तयार आहे हा मुखोपाध्यायांचा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही.

नोव्हेंबर १९७८ मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक! समितीने दावा खोटा ठरवला. जपानहून व्याख्यानाचे बोलावणे आले, पण जाण्याची परवानगी मिळाली नाही. शेवटी १९८१ च्या जून महिन्यात त्यांची बदली झाली ती नेत्ररोगाच्या संस्थेत. १९ जून रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. वय अवघे पन्नास.

यापुढचा भाग मुंबईत घडतो. ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. रुग्णालयात हर्षा जन्मली आणि डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचे हे बाळ देशातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ म्हणून गाजले. १९९७ साली आनंदकुमार एका परिषदेसाठी कलकत्त्यास गेले. तेथे मुखोपाध्यायांची कागदपत्रे त्यांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने वाचली, दुर्गाच्या आईवडिलांशी बोलले, आणि पहिला मान मुखोपाध्यायांचा आहे, हर्षाचा नव्हे, असे 'करंट सायन्स' या नियतकालिकात स्वतःच्या नावाने लिहिले. आपल्या नावावरची जमा दुसऱ्याच्या खात्यात वळवणारा माणूस आमच्या पुस्तकांत तरी मला अजून भेटलेला नाही.

दुर्गा मोठी झाल्यावर स्वतः लोकांसमोर आली. मुखोपाध्यायांना जाऊन तेव्हा वीसहून अधिक वर्षे झाली होती.