आचरा, जेजे, हार्वर्ड

आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष आलं की कँटीनमध्ये एकच विषय, मास्टर्सला कुठे जायचं? रँकिंगची यादी उघडायची, फी बघून बंद करायची, मग बाहेर गेलेल्या सीनिअर्सना मेसेज टाकायचे. या गोंधळात असाल तर अच्युत कानविंदेंची गोष्ट वाचा. ऐंशी वर्षांपूर्वी कोकणातला हा माणूस आर्किटेक्चर शिकायला हार्वर्डला गेला होता, तेही वॉल्टर ग्रोपिअसच्या हाताखाली.

कानविंदेंचा जन्म १९१६ सालचा, मालवणजवळच्या आचऱ्याचा. वडील चित्रकलेचे शिक्षक. त्यामुळे पोरालाही रंगांची ओढ. पण चित्रकलेवर पोट भरेल का हा प्रश्न तेव्हाही होताच. १९३५ मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले आणि आर्किटेक्चरकडे वळले. तिथे प्रमुख होते क्लॉड बॅटली. हे इंग्रज गृहस्थ जुन्या भारतीय इमारतींचे भक्त. मुलांनी वाडे, मंदिरं, मशिदी नीट मापून काढाव्यात, त्यातून शिकावं, यावर त्यांचा भर. ही शिदोरी घेऊन कानविंदे १९४१ मध्ये बाहेर पडले आणि दोन वर्षांत दिल्लीला सीएसआयआरमध्ये, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेत नोकरीला लागले.

सगळ्या गोष्टीची कळ या नोकरीत आहे. सीएसआयआर नुकतीच, १९४२ मध्ये स्थापन झालेली. शांतिस्वरूप भटनागर तिचे संचालक. देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळा उभ्या करायच्या होत्या (पुण्याची एनसीएल त्याच मालिकेतली). पण प्रयोगशाळेची इमारत कशी बांधतात हे आपल्याकडे शिकवत कोण होतं? म्हणून सरकारने १९४५ मध्ये कानविंदेंना अमेरिकेला पाठवलं.

आता यातली गंमत बघा. त्या काळी आर्किटेक्टसाठी परदेश म्हणजे लंडन. तिथल्या संस्थेची मेंबरशिप नावापुढे लागली की मुंबईत वजन वाढायचं. कानविंदे गेले ते बॉस्टनशेजारच्या केंब्रिजला. ग्रोपिअस म्हणजे जर्मनीतल्या बाउहाउस या शाळेचा संस्थापक. नाझींच्या काळात देश सोडून, इंग्लंडमार्गे १९३७ मध्ये तो हार्वर्डला आला. त्याच्या स्टुडिओत खांबांच्या शैली घोटून घेत नसत. इमारतीत काम काय चालणार, माणसं कुठून कुठे जाणार, उजेड कुठून येणार, इथून सुरुवात. आणि एकट्याने चमकण्यापेक्षा टीमने काम करण्यावर जोर. प्रयोगशाळा बांधायला निघालेल्या माणसाला याहून नेमकी जागा मिळणं कठीण. जुनी वास्तुकला शिकायची असती, तर बॅटलींना सोडून तिथे जाण्यात काहीच अर्थ नव्हता.

शाळा निवडताना चुकतही होतं बरं का. त्याच सुमारास हार्वर्डमध्ये असलेला आय. एम. पेई १९३५ मध्ये चीनहून पेनसिल्व्हेनियाला गेला होता. तिथली जुन्या वळणाची ड्रॉइंगची पद्धत त्याला झेपेना, रुचेना. थोड्याच दिवसांत गाशा गुंडाळून तो एमआयटीला गेला. पुढे चीनमधल्या परिस्थितीमुळे पेई अमेरिकेतच राहिला आणि जगभर गाजला. कानविंदे १९४७ मध्ये परत आले, सीएसआयआरचे मुख्य आर्किटेक्ट झाले.

परत आल्यावरचा काळ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अहमदाबादला विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या अटिरा या कापड-संशोधन संस्थेची इमारत कानविंदेंची. सपाट छत, सरळ रेषा, पांढऱ्या भिंती. बाउहाउसचा विद्यार्थी लगेच ओळखू येतो. पण अहमदाबादचं ऊन काही बॉस्टनचं नाही. तिकडे सूर्य आत यावा म्हणून काच लावतात, इकडे तो बाहेर ठेवायचा असतो. हार्वर्डने विचार करायची पद्धत दिली होती, पण उत्तरं इथली इथेच शोधावी लागली. त्याला त्यांनी दहाएक वर्षं घेतली.

१९५५ मध्ये त्यांनी शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत स्वतःची फर्म काढली. त्यानंतरचं आयआयटी कानपूर बघा. गिलावा न केलेलं काँक्रीट, त्यात विटांच्या भिंती, सावली देणारे व्हरांडे आणि चौक. विभागांना जोडणारे उंचावरचे झाकलेले रस्ते, म्हणजे विद्यार्थी वरून चालणार, गाड्या खालून. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत तर गरम हवा बाहेर काढणारे उभे धुराडेवजा मनोरेच इमारतीचा चेहरा होऊन बसलेत. फॅक्टरीला असं रूप येऊ शकतं हे फोटो बघितल्याशिवाय पटत नाही. ग्रोपिअसने विचारायला लावलेला प्रश्न तोच, पण उत्तर गुजरातच्या उन्हाळ्याचं.

१९७४ मध्ये पद्मश्री मिळाली. कॅम्पस डिझाइनवर त्यांनी एका अमेरिकन सहकाऱ्याबरोबर पुस्तकही लिहिलं. उतारवयात, १९९८ मध्ये, दिल्लीचं इस्कॉन मंदिर पूर्ण झालं, चक्क शिखरांसकट. बॅटलींना आनंद झाला असता, ग्रोपिअसचं सांगता येत नाही! डिसेंबर २००२ मध्ये कानविंदे गेले.

त्यांचं काम बघायला कानपूर गाठायची गरज नाही. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र त्यांचंच. शाळेच्या सहलीत तुम्ही तिथे गेलाही असाल, फक्त तेव्हा लक्ष सगळं आतल्या यंत्रांकडे असतं. या वेळी स्केचबुक घेऊन जा आणि आत शिरण्याआधी बाहेरून एक चक्कर मारा.