वालाचं बिरडं आणि डॉ. कमला सोहोनी



२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. शाळेत सर सी. व्ही. रामन यांचा फोटो लागतो, मुलं भाषणं करतात. त्याच भाषणांत डॉ. कमला सोहोनी यांचं नावही हल्ली येतं, पण त्यांची गोष्ट बहुतेक वेळा रामन यांच्या दारापाशीच संपते. दारातून आत गेल्यावर त्यांनी काय काम केलं, हे मुलांना कळतच नाही. खरं तर ते काम आपल्या रोजच्या ताटातलं आहे. म्हणून आज ही गोष्ट जरा पुढपर्यंत सांगते.

कमलाताईंचा जन्म १९११ साली इंदूरचा. माहेरच्या त्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या सख्ख्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. मुलीनेही तिथेच जायचं, हे घरात जणू ठरलेलंच. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. त्यांनी पहिल्या क्रमांकाने मिळवली आणि बंगळुरूला अर्ज केला.

अर्ज नाकारला गेला. कारण एकच, मुलगी आहे. संचालक होते स्वतः रामन, नोबेल मिळून तीनच वर्षं झाली होती. कमलाताई थेट त्यांना जाऊन भेटल्या, हटून बसल्या, अगदी सत्याग्रहच केला म्हणा ना! शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करायचं. आणि आपल्या असण्याने मुलांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही! या शेवटच्या अटीचा अपमान त्यांना आयुष्यभर बोचला, तरी त्यांनी अटी मान्य केल्या. वर्षभराने त्यांचं काम बघून रामन यांचं मत बदललं आणि पुढे मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला.

हा भाग पाचवी-सहावीच्या मुलांना सांगावा का, असं काही पालक विचारतात. रामन यांच्याबद्दलचा आदर कमी होईल अशी त्यांना भीती वाटते. मला वाटतं, सांगावाच. मोठा शास्त्रज्ञ एका बाबतीत चुकू शकतो, हे मुलांना आपल्यापेक्षा लवकर समजतं. वर्गातल्या मुलींना तर लगेचच!

बंगळुरूला श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. त्यावर १९३६ साली मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली आणि मग त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळालेले हॉपकिन्स यांची ती प्रयोगशाळा. तिथे वनस्पतींवर काम करताना बटाट्यात त्यांना सायटोक्रोम सी हा घटक सापडला.

म्हणजे काय, हे मुलांना असं सांगता येईल. आधी विचारा, टोपलीतला बटाटा श्वास घेतो का? मुलं हसतील. पण बटाट्याची प्रत्येक पेशी जिवंत असते, तिलाही ऊर्जा लागते. ती मिळवताना पेशीत इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे दिले जातात, विहिरीवरून हातोहात हंडे पुढे द्यावेत तसे. त्या रांगेतला एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी. वनस्पतींच्या पेशींतही तो असतो, हे कमलाताईंनी दाखवलं. प्रबंध अवघा ४० पानांचा, काम १४ महिन्यांचं. १९३९ साली पीएच.डी. झाली. केंब्रिज तरी कुठे फार पुढारलेलं होतं म्हणा, स्त्रियांना तिथे पूर्ण सदस्यत्व १९४८ साली मिळालं.

भाषणं लिहून देताना एक काळजी घ्या. विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री, असं कमलाताईंबद्दल सर्रास लिहिलं जातं. पण जानकी अम्मल यांना १९३१ सालीच अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली होती.

परदेशात राहणं शक्य असूनही त्या परत आल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. १९४९ पासून त्या वेळी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. आपण पनवेलहून मुलांना फोर्टच्या वस्तुसंग्रहालयाच्या सहलीला नेतो ना, त्याच परिसरात ही संस्था आहे. पुढच्या वेळी तीही बाहेरून दाखवा.

आता आपल्या ताटातली गोष्ट. रायगडात वाल घरोघरी. हिवाळ्यात पोपटी, एरवी बिरडं. पण कच्चा वाल कोणी मूठभर खातं का? नाही. प्रथिन पचवायला आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं विकर असतं. कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सिनलाच अडवणारे घटक असतात. म्हणजे प्रथिन पोटात जाऊनही अंगी लागत नाही. शिजवल्यावर हे घटक बरेचसे निकामी होतात. कमलाताई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी डबल बी, वाल अशा आपल्याच कडधान्यांतले हे घटक वेगळे काढून तपासले. भिजवणं, मोड आणणं, नीट शिजवणं हे आजी करत आली, त्यातल्या शिजवण्यामागचं रसायन इथे उलगडतं. शाळेच्या पोषण आहारात उसळ कच्ची राहू नये, हे स्वयंपाकाच्या मावशींना सांगताना मला याचा फार उपयोग होतो.

दुसरं काम नीरेचं. ते राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतलं होतं. ताड-शिंदीचा हा रस पहाटेचा ताजा असेल तर नीरा, ऊन चढलं की आंबून ताडी. नीरेत क जीवनसत्त्व आणि लोह असल्याचं त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. आदिवासी भागातली कुपोषित किशोरवयीन मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना ती दिल्यावर तब्येतीत फरक पडल्याचंही दिसलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला.

एवढं असूनही संस्थेचं संचालकपद त्यांना हक्काच्या वेळी मिळालं नाही. अंतर्गत राजकारणात चार वर्षं गेली. ही चार वर्षं भाषणांत कधी येत नाहीत. बंगळुरूचा नकार १९३३ चा, पण हा अडथळा त्या नावाजलेल्या प्राध्यापक असतानाचा, आपल्या मुंबईतला. अखेर त्या संचालक झाल्या.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहक मार्गदर्शन सोसायटीचं काम केलं, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकात ग्राहकांसाठी लेख लिहिले. १९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचं निधन झालं.