श्रीब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज
सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात गोंदवले बुद्रुक येथे १९ फेब्रुवारी १८४५ रोजी श्रीमहाराजांचा जन्म झाला. येहळेगावच्या श्रीतुकामाईंचा अनुग्रह लाभल्यावर ते प्रपंचात परतले. परंतु पुढे बालपुत्र व पत्नी सरस्वतीबाई यांचा वियोग घडला. रामरायाची इच्छा मानून त्यांनी तो घाव पचविला. नंतर आटपाडी (आजचा सांगली जिल्हा) येथील नेत्रहीन कन्येशी त्यांनी विवाह केला. त्याच भक्तांच्या आईसाहेब. १८७६-७७ च्या दुष्काळात आपल्या शेतात कामे काढून श्रीमहाराजांनी भुकेल्यांना अन्न दिले. २२ डिसेंबर १९१३ रोजी गोंदवले येथे त्यांनी देह ठेवला. स्वतःचे दुःख नामात विरवावे व दुसऱ्याचे अन्नदानाने हलके करावे, हाच त्यांच्या चरित्राचा बोध भाविकांनी सोबत न्यावा.