वॉल्टर रूथर

अमेरिकेंतील डेट्रॉइट शहर एके काळीं मोटारधंद्याची राजधानी म्हणून जगभर गाजलेलें होतें. पुढें जपानी व इतर परदेशी मोटारींनीं त्याची बाजारपेठ बळकाविली, आणि २००९ सालीं जनरल मोटर्स व क्रायस्लर या दोन बलाढ्य कंपन्यांवर दिवाळें काढण्याची पाळी आली. या ऱ्हासाचा दोष कोणाच्या माथीं मारावा? कित्येक जण मालकांस दूषण देतात, कित्येक कामगारसंघास. आणि संघाचा विषय निघाला कीं त्याचे पुढारी वॉल्टर रूथर यांचें नांव हटकून येतें. त्यांचें चरित्र पाहिल्यावांचून या वादाचा निकाल देणें बरें नव्हे.

रूथर यांचा जन्म १ सप्टेंबर १९०७ रोजीं वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतील व्हीलिंग गांवीं झाला. वडील जर्मनींतून आलेले. बीअरच्या कारखान्याची गाडी हांकून ते कुटुंब पोशीत, आणि रविवारीं मुलांकडून सार्वजनिक प्रश्नांवर वादविवाद करवून घेत. शाळा अर्धवट सोडून वॉल्टर सांचे घडविण्याचें काम शिकले आणि १९२७ सालीं डेट्रॉइटला जाऊन फोर्डच्या कारखान्यांत लागले. नोकरी करतां करतां त्यांनीं हायस्कुलाचा राहिलेला अभ्यास पुरा केला व कॉलेजांतही नांव घातलें, ही गोष्ट आमच्या मुलांनीं लक्षांत घेण्याजोगी आहे. १९३३ सालीं भाऊ व्हिक्टर यांसह ते परदेशीं गेले, आणि रशियांतील गॉर्की येथील मोटारकारखान्यांत काम करून १९३५ सालीं परतले.

परत येतांच त्यांनीं संघाच्या कामास वाहून घेतलें. २६ मे १९३७ रोजीं फोर्डच्या दारीं पत्रकें वांटावयास गेले असतां कंपनीच्या माणसांनीं त्यांस रक्तबंबाळ होईपर्यंत मारलें. त्याचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत झळकलीं. तरी फोर्डनें संघास मान्यता दिली ती १९४१ सालीं. पुढें एप्रिल १९४८ मध्यें एका रात्रीं स्वयंपाकघराच्या खिडकींतून कोणी तरी त्यांवर बंदूक झाडली, आणि त्यांचा उजवा हात कायमचा अधू झाला.

आतां मुख्य वादाकडे वळूं. १९४५ सालीं जनरल मोटर्समध्यें ११३ दिवसांचा संप सुरू झाला. रूथर यांची मागणी अशी कीं, पगार शेंकडा ३० वाढवावा, परंतु मोटारींची किंमत वाढवूं नये. तें परवडत नसेल तर कंपनीनें आपले हिशेब उघडे करावे. किंमत ठरविणें हा आपला अधिकार, असें म्हणून कंपनीनें तें साफ नाकारलें. १९४९ सालीं संघानें लहान व स्वस्त मोटारी काढा असें सुचविलें. १९५७ सालीं रूथर यांनीं प्रत्येक मोटारीमागें १०० डॉलर उतरवा, आम्हीही आपल्या मागण्या आवरूं, असें कळविलें. दोन्ही सूचना वाऱ्यावर गेल्या. ज्यांवर धंदा बुडविल्याचा आरोप आहे त्यांनीं हें सांगितलें होतें, याचें नवल वाटतें.

कारभारांत वांटा मिळेना, तेव्हां त्यांनीं मिळेल तें पदरांत पाडून घेतलें. १९५० च्या पांच वर्षांच्या करारानें पगारवाढ, पेन्शन व औषधोपचाराची सोय लाभली. वास्तविक औषधोपचाराचा भार सरकारनें सर्वच प्रजेसाठीं उचलावा, असें त्यांचें म्हणणें होतें व तें त्यांनीं अखेरपर्यंत सोडलें नाहीं. तें न झाल्यामुळें तो भार कंपन्यांवर पडला. पुढें कामगार घटले, पेन्शनर वाढले, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभीं जनरल मोटर्सला मोटारीमागें सुमारें १५०० डॉलर केवळ औषधोपचारापायीं खर्चावे लागत.

रूथर निर्दोष होते असें मात्र मला म्हणवत नाहीं. त्या करारानें काय बनवावें व कसें बनवावें हें कंपनीच्याच हातीं राहूं दिलें, आणि कारखान्यांतील कामाच्या जीवघेण्या वेगाकडे संघाचें दुर्लक्ष झालें. १९६३ च्या वॉशिंग्टन येथील मोर्चांत ते निग्रो बांधवांबरोबर चालले, तरी १९६८ पासून डेट्रॉइटमधील त्याच समाजाच्या तरुण कामगारांनीं संघाविरुद्धच तक्रार मांडली.

९ मे १९७० च्या रात्रीं मिशिगनमधील पेल्स्टन येथें विमान कोसळून रूथर व त्यांच्या पत्नी मे यांचा अंत झाला. संघानें बांधीत आणलेलें शिक्षणकेंद्र पाहण्यासाठीं तीं दोघें निघालीं होतीं. १९७३ सालीं पेट्रोलची टंचाई पडली, आणि अमेरिकन गिऱ्हाइकें लहान मोटारी शोधीत जपानी दुकानदारांकडे वळलीं.