स्वतःचे क्रौर्य दगडावर कोरणारा सम्राट

अशोक विजयादशमी आली की आपण स्तूप, सिंहस्तंभ, धम्मचक्र यांवर भरभरून बोलतो. कलिंग मात्र दोन वाक्यांत आटोपतो. आम्हाला वाटते, सम्राट अशोक समजून घ्यायचे असतील तर कलिंगापाशीच थांबायला हवे.

बिंदुसारांचे पुत्र अशोक यांचा राज्याभिषेक इ.स.पूर्व २६८ च्या सुमारास झाला. पुढच्या बौद्ध साहित्याने त्यांचा पूर्वकाळ फार काळा रंगवला. 'अशोकावदान' त्यांना चंडाशोक ठरवते, तर 'महावंस' ९९ भावांच्या हत्येची कथा सांगतो. पण त्यांच्याच शिलालेखात भावांच्या कुटुंबांचा उल्लेख येतो. त्यामुळे या कथेवर जसाच्या तसा विश्वास ठेवता येत नाही.

कलिंग मात्र दंतकथा नाही. अभिषेकाला ८ वर्षे झाल्यावर ते युद्ध झाले. तेराव्या शिलालेखात हिशेब खुद्द अशोकांनीच दिला आहे : दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक मेली. जे वाचले, त्यांच्या वाट्याला आप्तांचे दुःख आले, हेही त्यांनी नोंदवले आणि पश्चात्ताप व्यक्त केला. राजे विजयाच्या प्रशस्त्या कोरतात, या राजाने विजयाची लाज कोरली.

तरी माणूस एका दिवसात बदलत नाही. त्याच लेखात जंगलातील लोकांना इशारा आहे. कलिंग परत दिला गेला नाही. देहदंड चालूच राहिला, फक्त कैद्याला तीन दिवसांची मुदत मिळू लागली. आणि कलिंगातल्या धौली व जौगड येथे हा तेरावा लेख कोरलाच नाही. ज्यांनी सोसले, त्यांच्यासमोर ती कबुली आली नाही.

तिथे वेगळे लेख आहेत. त्यांत सर्व प्रजा आपली लेकरे असल्याचे सांगून अधिकाऱ्यांना बजावले आहे की, कोणालाही विनाकारण बंदिवास वा छळ होऊ नये. अन्याय कशातून होतो, तेही सांगितले आहे : मत्सर, क्रोध, निष्ठुरता, घाई, आळस, थकवा. सामाजिक काम करताना पोलीस ठाण्यात आणि कचेऱ्यांत आम्हाला आजही हीच यादी भेटते. अत्याचार करणारा बहुधा राक्षस नसतो. तो गल्लीतला, चारचौघांत भला म्हणवला जाणारा माणूस असतो.

राज्याच्या २६ व्या वर्षीच्या एका स्तंभलेखात अशोक सांगतात की, माणसाला स्वतःचे चांगले काम तेवढे दिसते, वाईट दिसत नाही, आणि हे आत्मपरीक्षण अवघड आहे. इ.स.पूर्व २३२ च्या सुमारास त्यांचे निधन झाले.

आपण दुसऱ्यांच्या जातीय क्रौर्याचा हिशेब मागतो. तो मागायलाच हवा. पण आपल्या घरातल्या बाईवरचा हात, आपल्या वस्तीतल्या दुबळ्यावरची दादागिरी यांचा हिशेब कोण ठेवणार? धम्माशोकाचा जयजयकार करताना चंडाशोक विसरलो, तर तो आपल्यातच सुखाने राहील.