टेस्ला यांचा विस्मृतीत गेलेला वेगमापक

सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावरील गेवराई परिसरात जीप आणि मालवाहू टेम्पो यांचे मागच्या एक्सलचे काम ही काही नवलाची गोष्ट नव्हे. ऊस, कापूस आणि माणसे वाहून गाडीचा क्राऊन-पिनियन झिजतो आणि नवा जोड बसवावा लागतो. कधी मूळ मापाचा जोड मिळत नाही, तर कधी मालकालाच हमरस्त्यावर अधिक पळणारी गाडी हवी असते. मग वेगळ्या दातांचा जोड बसतो. मागून येणारा घरघराट थांबतो, इंजिनावरचा ताण कमी वाटतो, मालक समाधानाने गाडी घेऊन जातो. त्या दिवसापासून डॅशबोर्डवरील वेगाचा काटा मात्र चुकीचे सांगू लागतो, आणि ते सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हा काटा अचूक कसा करावा, यावर विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यांनी बुद्धी खर्च केली त्यांत निकोला टेस्ला यांचे नाव आहे. प्रत्यावर्ती विजेची मोटार, नायगाराचे वीजकेंद्र, बिनतारी संदेशाची अपुरी राहिलेली स्वप्ने यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. मोटारगाडीच्या वेगमापकाचा उल्लेख मात्र चरित्रांत एखाद्या ओळीत उरकला जातो. टेस्ला यांच्या आयुष्यातील सर्वांत हलाखीच्या वर्षांत हे उपकरण आकाराला आले, हे लक्षात घेतले तर ती ओळ अपुरी वाटते.

टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील आणि आताच्या क्रोएशियातील स्मिलियान या खेड्यात झाला. वडील सर्बियन ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मगुरू होते. आईला अक्षरओळख नव्हती. पण घरकामाची अवजारे स्वतः घडवण्यात तिचा हातखंडा होता आणि आपली कल्पकता तिच्याकडून आली असे टेस्ला मानत. ग्राझ येथील तंत्रशिक्षण संस्थेत शिकताना त्यांना विजेच्या मोटारीतील ठिणग्या टाकणारा कम्युटेटर खटकला. तो भागच नको, असा ध्यास त्यांनी घेतला. १८८२ मध्ये बुडापेस्टच्या उद्यानात फिरताना त्यांना उत्तर सापडले: चुंबकीय क्षेत्रच फिरते ठेवायचे, म्हणजे त्यातील धातूचा भाग आपोआप त्यामागे ओढला जाईल. पुढल्याच वर्षी एडिसन यांच्या युरोपातील कंपनीच्या कामासाठी ते स्ट्रासबर्गला गेले असता तेथे त्यांनी अशी पहिली मोटार बनवली. स्ट्रासबर्ग हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे; ते पुन्हा येणार आहे.

१८८४ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. एडिसन यांच्याकडील नोकरी काही महिनेच टिकली. त्यानंतर भागीदारांनी बाहेर काढल्यावर खड्डे खणण्याचे कामही त्यांना करावे लागले. १८८८ मध्ये मोटारीची पेटंट मिळाली, जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी ती घेतली आणि दिवस पालटले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील रोषणाई, १८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलो शहरात पोहोचणे, हा इतिहास सर्वश्रुत आहे. १८९६ मध्येच न्यूयॉर्कमध्ये स्वामी विवेकानंद आणि टेस्ला यांची भेट झाली होती. गेवराई तालुक्यात मोटार म्हटले की गाडीच्या आधी विहिरीवरची मोटार डोळ्यांपुढे येते. जायकवाडीच्या उजव्या कालव्याखालील रानात किंवा गोदाकाठी पाणी उपसणारी ती मोटार बहुतेक वेळा टेस्ला यांच्याच तत्त्वावर फिरत असते.

पुढची उतरण झपाट्याची होती. १९०१ मध्ये बँकर जे. पी. मॉर्गन यांच्याकडून दीड लाख डॉलर घेऊन लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफचा उंच मनोरा उभारण्यास त्यांनी सुरुवात केली. त्याच वर्षअखेरीस मार्कोनी यांनी अटलांटिकपार संदेश पाठवला. मॉर्गन यांनी अधिक पैसे देण्यास नकार दिला आणि मनोऱ्याचे काम थंडावले. वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया या उंची हॉटेलातील मुक्कामाचे देणे इतके साचले, की १९१५ मध्ये वॉर्डनक्लिफची मालमत्ता त्यापोटी लिहून द्यावी लागली. मार्च १९१६ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या ९३५ डॉलरच्या कराची थकबाकी न्यायालयात गेली, तेव्हा आपल्याजवळ पैसे नाहीत हे त्यांना सांगावे लागले. विजेच्या युगाचा पाया घालणाऱ्या माणसाची ही स्थिती वृत्तपत्रांत छापून आली.

याच काळात त्यांच्या हातात एक छोटे काम होते. २९ मे १९१४ रोजी त्यांनी वेगदर्शकाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता आणि ते १९ डिसेंबर १९१६ रोजी मंजूर झाले. त्याची कल्पना त्यांच्या १९१३ मध्ये पेटंट मिळालेल्या टर्बाइनमधून आलेली दिसते. त्या टर्बाइनला पाती नव्हती. वाफ किंवा हवा चकत्यांना चिकटून जाते आणि त्यांना ओढत नेते, एवढ्यावर ते चाले. टर्बाइन बाजारात रुजले नाही, तत्त्व मात्र उपयोगी पडले. वेगदर्शकात एकात एक बसणाऱ्या दोन वाट्या होत्या. एक वाटी गाडीच्या केबलने फिरे. दुसरीला नाजूक स्प्रिंग लावलेली असे. दोहोंच्या मधल्या अरुंद फटीतील हवा फिरत्या वाटीबरोबर ओढली जाई आणि दुसरीला थोडीशी वळवी. वेग दुप्पट झाला की ओढही दुप्पट, म्हणून आकडे सारख्या अंतरावर मांडता येत. हवेचा चिकटपणा तिच्या दाबावर जवळजवळ अवलंबून नसल्याने घाटमाथ्यावर आणि सपाटीवर उपकरण सारखेच वाचन देई.

अमेरिकेतील वॉल्थॅम वॉच कंपनी या घड्याळे बनवणाऱ्या कारखान्याने हे उपकरण बनवायला घेतले. इतकी अरुंद फट राखण्यासाठी घड्याळजीचाच हात हवा होता. लिंकन, पिअर्स-अ‍ॅरो यांसारख्या महागड्या गाड्यांत ते बसले आणि टेस्ला यांना रॉयल्टी मिळू लागली. उत्तरायुष्यातील त्यांचे जे मोजके संशोधन प्रत्यक्ष दुकानात विकले गेले, त्यांत याची गणना करावी लागते. जगाला बिनतारी वीज देऊ पाहणारा माणूस मोटारगाडीच्या काट्यावर गुजराण करू लागला, असे म्हणून हळहळणारे आहेत. ही हळहळ थोडी अनाठायी आहे. उपकरण उत्तम होते आणि ते चालले.

स्पर्धा मात्र दुसऱ्याच तत्त्वाशी होती. १९०२ मध्ये ओटो शुल्झे या अभियंत्याने चुंबकीय वेगमापकाचे पेटंट मागितले होते. त्यात केबलने चुंबक फिरतो, त्याच्याभोवतीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. स्प्रिंग तिला अडवते आणि काटा वेग दाखवतो. फिरत्या चुंबकीय क्षेत्रामागे धातू ओढला जाणे, हीच तर टेस्ला यांची १८८३ ची मोटार. शुल्झे हेही स्ट्रासबर्गचेच. स्वतः टेस्ला यांनी मात्र वेग मोजताना चुंबक बाजूला ठेवून हवा निवडली, कारण त्या काळचे चुंबक वयाबरोबर क्षीण होत आणि तापमानाबरोबर वाचन बदले. पुढे चुंबक सुधारले, स्वस्त झाले आणि शुल्झे यांचीच पद्धत जगभर पसरली. जुन्या जीपच्या मीटरमध्ये आजही तीच सापडते.

हवा असो वा चुंबक, दोन्ही उपकरणांची एक मर्यादा सारखीच आहे. त्यांना रस्ता दिसत नाही. केबलचे फेरे तेवढे कळतात. सुरुवातीच्या अनेक गाड्यांत केबल पुढच्या चाकावरील दातेरी चक्रातून फिरत असे. तेव्हा मागच्या एक्सलमध्ये काहीही बदलले तरी काट्याला त्याचे सोयरसुतक नसे. टायरचा आकार बदलला तरच चक्र बदलावे लागे. पण ती चक्रे चिखलात आणि धुळीत उघडी असत आणि लवकर झिजत. त्यामुळे पुढे केबल गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला नेण्यात आली. तेथून चाकापर्यंतच्या वाटेत क्राऊन-पिनियन येतो. कारखान्यात त्याचे प्रमाण गृहीत धरूनच मीटरची आखणी झालेली असते.

जुन्या विलीज जीपचे उदाहरण घेता येईल. तिच्या एक्सलमध्ये पिनियनला ८ आणि क्राऊनला ४३ दात असत. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टचे सुमारे ५.३८ फेरे. त्या जागी ८ आणि ३९ दातांचा जोड बसवला तर प्रमाण सुमारे ४.८८ होते. चाक तेवढेच फिरते, शाफ्ट मात्र कमी फिरतो. परिणामी गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असताना काटा ५४ च्या आसपास थांबतो, आणि शंभर किलोमीटर धावल्यावर मीटरमध्ये एक्क्याण्णवच भरतात. ऊसतोडणीच्या हंगामात अंधारात बैलगाड्यांची रांग समोर आली, तर चालकाने मनात धरलेला वेग आणि खरा वेग यांतील हे सहा किलोमीटर ब्रेक लागण्याच्या अंतरात भर घालतात. तेल बदलण्याचा आणि भाड्याचा हिशेबही चुकतो तो वेगळाच.

यावरचा उपाय टेस्ला यांच्या काळापासून बदललेला नाही. काट्याला हात लावायचा नाही, केबलचे फेरे दुरुस्त करायचे. गिअरबॉक्समध्ये केबल फिरवणारा जो छोटा गिअर असतो, तो बदलतात. वरील उदाहरणात केबल सुमारे दहा टक्के जलद फिरायला हवी. समजा त्या गिअरला २० दात असतील, तर १८ दातांचा बसवल्यावर ताशी ६० ला काटा साधारण साडेसाठ दाखवील. एक टक्क्याच्या आतली ही चूक चालण्यासारखी आहे. दातांचे असे माप उपलब्ध नसेल तर केबलच्या मध्ये योग्य प्रमाणाची गिअरची डबी जोडतात. मीटर उघडून स्प्रिंग ओढून काटा जुळवण्याचा मार्ग काही जण पत्करतात. पण त्याने वेग सुधारला तरी किलोमीटर मोजणारी चक्रे चुकीचीच राहतात. पडताळणी सोपी आहे. काटा ६० वर स्थिर धरून महामार्गावरील किलोमीटरचे दोन लागोपाठचे दगड ओलांडण्यास बरोबर ६० सेकंद लागले पाहिजेत. ५४ लागले तर काटा मागे आहे. घाईत एकाच किलोमीटरवर विसंबू नये. गढी फाट्यापर्यंत चार-पाच दगड मोजले तर खात्री पटते. केबलऐवजी सेन्सर असलेल्या गाड्यांत हेच काम संगणकातील आकडा बदलून होते.

टेस्ला यांना १८ मे १९१७ रोजी अमेरिकी विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे एडिसन पदक देण्यात आले. आधी त्यांनी ते नाकारले होते. दोन महिन्यांच्या आतच वॉर्डनक्लिफचा मनोरा कर्जवसुलीसाठी पाडण्यात आला. वेगदर्शकाचे सुधारित पेटंट १९१८ मध्ये, जहाजाचा वेग मोजणाऱ्या उपकरणाचे १९१९ मध्ये आणि वारंवारतामापकाचे १९२२ मध्ये त्यांच्या नावावर झाले. पुढची वीस वर्षे एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात, कबुतरांना दाणे घालण्यात आणि वाढत्या एकाकीपणात गेली. ७ जानेवारी १९४३ रोजी हॉटेल न्यूयॉर्करच्या तेहतिसाव्या मजल्यावरील खोलीत, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी १९५७ मध्ये बेलग्रेड येथील त्यांच्या संग्रहालयात नेण्यात आल्या. त्याच वर्षी वॉल्थॅम कंपनीने घड्याळांचे उत्पादन थांबवले.